हातचा

ट्रेडची मुदत संपायला चार दिवस.
ईरीच्या सरोवरावरून आडवा बर्फ येतोय,
पार्किंगमधल्या गाड्यांना चेहरे उरलेले नाहीत.
आणि माझ्या टेबलावर, दर फेब्रुवारीसारखं,
लेशेक विटकोव्स्कींचं पाकीट.

रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
बोल्ट आवळलेला माणूस.
अक्षरही तसंच, आवळलेलं.
सुताराची चपटी पेन्सिल, हिशेबाच्या वहीचा कागद,
मायना: "लँटर्न्सच्या मॅनेजरसाहेबांना,
आणि त्यांच्या आधी हे उघडणाऱ्या बाईंना."
ती बाई मी.
साहेबांपर्यंत यातलं काही जात नाही.
त्यांना ते ठाऊक असावं. मायना मात्र बदलत नाहीत.

सहा वर्षांत त्यांनी सगळा संघ विकून पाहिलाय.
गार्ड दिले, कोच दिला,
एकदा तर हाफटाइमला ढोल बडवणारं आमचं अस्वल
टोलिडोच्या गळ्यात मारायला निघाले होते.
फक्त चौदा नंबरला हात लावला नाही.
"टॉलिव्हर सोडून कोणीही", खाली दोन रेघा,
आणि समासात, बारीक:
"आयरीना मला घरात घेणार नाही."

यंदा पहिल्याच ओळीत टॉलिव्हर.

"डेमरी टॉलिव्हर टॅकोमाला द्या.
अकरा वर्षं तो आपल्यासाठी पडला, उठला,
हातचा राखून एक रात्र खेळला नाही.
गुडघ्यांत आता वाळू आहे,
मला दहाव्या रांगेत ऐकू येते.
आपण एप्रिलमध्ये घरी. टॅकोमा जूनपर्यंत खेळेल.
त्याला एकदा जून बघू दे.

बदल्यात बाबाकार सेक मागा. बावीसचा आहे,
फ्री थ्रो टाकतो म्हणजे गोणी टाकतो,
पण चुकलेला चेंडू रिंगवरून सुटला की
तो कुठे पडणार, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.
हे शिकवून येत नाही.
पगार जुळवायला व्हॉसलाही घ्यावं लागेल.
घ्या, आणि बाकावर बसवा.

आयरीना ऑक्टोबरात गेली.
म्हणून हे सुचवता येतंय."

आणि लगेच, श्वासही न घेता, बेरीज.
व्हॉसचे तेरा पॉइंट आठ,
सेकचे चार पॉइंट नऊ,
रेघ. सतरा पॉइंट सात.
समोर एकटा टॉलिव्हर, अठरा पॉइंट सात.
"आपल्याला एक कमी मिळतोय," लिहितात.
"तीनदा मांडून पाहिलं. एक कमीच येतो.
चालेल. सवय होते."

खाली सरावाचा चेंडू आपटतोय.
काचेतून टॉलिव्हर दिसतो,
दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून
एका नव्या पोराला शिकवतोय
धक्का लागल्यावर कोणत्या कुशीवर पडायचं.
शेजारच्या खोलीत साहेब फोनवर
कुणाला तरी सांगताहेत:
"गुडघे? छे! घोड्याचे आहेत."

मी बेरीज पुन्हा बघते.
आठ आणि नऊ सतरा.
सात खाली उतरले आहेत,
वर एक जायला हवा होता.
तो कुठेच नाही.
तीन वेळा मांडलं, तिन्ही वेळा तो वाटेत राहिला.

तिनाच्या डोक्यावर मी लहानसा एक काढते.
अठरा पॉइंट सात. काट्याला काटा.
काहीच कमी नाही, विटकोव्स्की.

मग खोडते तो.
कागद जरा काळवंडतो.
सहा वर्षांत मी त्यांना एकदाही उत्तर पाठवलेलं नाही,
आणि आता पाठवायचं तर काय,
तुमचा हातचा राहिला?