ऐंशी फूट मागे

लोर्ना हॉगनने समुद्राकडे पाहिलंच नाही.
आधी ती आल्डरच्या बुंध्यांपाशी उकिडवी बसली.
सगळे मुळाशी वाकलेले,
वर गेल्यावर सावरून सरळ झालेले.
"जमीन सरकतेय. झाडांना कधीचं ठाऊक आहे."

व्हिडबी बेटावरचा हा तुकडा
आम्ही सूर्यास्तापायी घेत होतो, खरं सांगायचं तर.
गिरमिट खाली गेलं. वाळू, वाळू, गोटे,
आणि बावीस फुटांवर निळी चिकणमाती,
ओली, न्हाणीतल्या साबणाच्या वडीसारखी.
"पाणी झिरपत इथवर येतं नि अडतं," लोर्ना म्हणाली.
"वरचं सगळं नुसतं त्यावर बसून असतं."
बसून असतं.
परतीच्या फेरीबोटीत मी तेवढंच घोळवत राहिले.

शेजारच्या प्लॉटचा लाकडी जिना
अजून किनाऱ्याकडे उतरतो.
नऊ पायऱ्या.
दहावी हवेत.

पुढच्या शनिवारी हेरंबने सुतळी धरली, मी खुंट्या.
कड्यापासून ऐंशी फूट मागे,
जिथून समुद्र दिसत नाही,
ऐकू येतो, तोही भरतीच्या वेळी.
स्वयंपाकघर इथे, मी म्हणाले.
हेरंब काही बोलला नाही.
बुटाच्या टाचेने त्याने खुंटी
आणखी दोन बोटं आत ठोकली.