ओष्ठ्य

प फ ब भ म.
एवढ्या पाच अक्षरांना ओठ मिटावे लागतात,
बाकीची भाषा जिभेवर निभते,
हे मला ह्यांनी लेस्टरमध्ये सांगितलं,
नार्बरो रोडवरच्या भाड्याच्या खोलीत,
आरशासमोर, दातांत पेन्सिल धरून.

सिडनी आला स्केगनेसहून.
समुद्रावरचं एक नाटकगृह मोडीत निघालं होतं,
अकरा पौंडांत पेटी, पेटीत तो,
गाल तांबडे, एक पापणी अडकलेली.
त्याचे बूट माझ्या मुलाला झाले असते,
मूल असतं तर.
पेटीवर नाव रंगवलं होतं बॉबी.
बॉबी नको, हे म्हणाले, दोनदा ओठ लागतात.
म्हणून सिडनी.

पंधरवड्यात मराठी शिकला तो.
ह्यांना इंग्रजी यायला नऊ वर्षं लागली.
ह्यांचं नाव मात्र त्याला कधी जमलं नाही,
भालचंद्रचं करायचा गालचंद्र,
मंडळाच्या गणपतीत पोरं हसून लोळायची.
मी तर तेवढंही म्हणत नव्हते.
लग्नात घास भरवताना एकदा नाव घेतलं,
पुढचा संसार ‘अहो’वर.

माझं नाव कालिंदी.
ह्यात ओठ कुठेच लागत नाहीत.
ओट्याशी पाठमोरी असताना हाक आली
तर कळायचं नाही दोघांतल्या कुणाची.
चहा टाक. साखर जरा जास्त.
‘माफ कर’ सिडनीला जमण्यासारखं नव्हतं.
ह्यांना जमलं असतं.

मोज्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
ह्यांनी यंत्रांच्या सुया बदलल्या.
फोरमन गॅस्कॉइन काय वाटेल ते बोलायचा,
हे मान हलवायचे.
पण एका नाताळच्या पार्टीत सिडनीने
त्याचा असा काही पंचनामा केला,
बुडवलेल्या ओव्हरटाइमसकट,
की अख्खं कँटीन टेबलं बडवत होतं.
गॅस्कॉइनने सिडनीची पाठ थोपटली.
त्याच पाठीत ह्यांचा हात होता.

मार्चमध्ये ह्यांची उजवी बाजू गेली.
ओठ मिटत नाहीत, लाळ गळते.
वॉर्डात नर्सने नाव विचारलं.
गालचंद्र, हे म्हणाले.
मी हसले. आधी हसलेच,
खोटं कशाला बोलू.
तिने तसंच लिहून घेतलं,
अजून औषधांच्या डब्यांवर तेच येतं.

आता दर मंगळवारी रोवेना येते, उच्चार शिकवायला.
आल्या आल्या सिडनीच्या तोंडावर टॉवेल टाकते,
भीती वाटते म्हणे.
तुम्ही म्हणा, मला सांगते,
ते तुमचे ओठ बघून म्हणतील.
मी पा म्हणते, बा म्हणते, मा म्हणते.
हे मान हलवतात,
गॅस्कॉइनपुढे हलवायचे तशी.

काल ती गेल्यावर दार लावून आले,
टॉवेल काढून वाळत टाकला,
स्टूल ओढून ह्यांच्या पुढ्यात बसले
आणि वरचा ओठ, खालचा ओठ
दोन बोटांत धरून मिटवले.
म्हणा, म्हटलं, भालचंद्र.
माझाच आवाज मला अनोळखी लागला.
पुन्हा म्हटलं. भालचंद्र.

कालिंदी, राहू दे.

स्वच्छ आलं, एकही अक्षर न सांडता.
ह्यांचे ओठ माझ्या चिमटीत होते.