टोल्डला माणूस लागतो

बुधवारी, सहा ते आठ, स्वान्झीत,
चर्चमागच्या हॉलमध्ये,
जिथे रेडिएटर म्हाताऱ्यासारखा खोकतो
आणि पलीकडच्या खोलीत बायका
एकाच ओळीची तालीम करत बसतात,
ग्वेंडाबाई फळ्यावर एक माणूस काढतात.
त्याच्या तोंडाशी फुगा. फुग्यात वाक्य: मी दमलोय.
मग माणूस पुसून टाकतात, फुग्यासकट.
आता सांगा, म्हणतात, तो निघून गेला.
त्याचं बोलणं तुम्ही कसं सांगाल?

हेमिन हात वर करतो. कुर्दी आहे, न्हावी आहे,
बसस्टँडजवळच्या दुकानात खुर्ची भाड्याने घेतो.
"मालक म्हणाला मी गाढव आहे."
कोण गाढव? बाई विचारतात. मालक की तू?
हेमिन विचार करतो. महिनाअखेर आहे.
"दोघं," म्हणतो.

माझ्या भाषेत बोलणं आख्खं उचलतात,
भरल्या घागरीसारखं, न हिंदकळू देता,
समोरच्याच्या पुढ्यात ठेवतात
आणि म्हणतात: असं म्हणाला.
इथे तसं चालत नाही.
वाक्य दुसऱ्याच्या दारी न्यायचं
तर त्याचे कपडे बदलावे लागतात.
मीचा तो. इथेचं तिथे.
आहेचं होतं. होतंचं त्याच्याही आधी होतं.
प्रश्नाची वाकडी मान सरळ करायची,
शेवटचं चिन्ह काढून घ्यायचं,
विमानतळावर कमरेचा पट्टा काढून घेतात तसं.

सेडला कुणी नसलं तरी भागतं.
भिंतीशी बोला, समुद्राशी बोला.
टोल्डला माणूस लागतो.
कोणाला, ते लगेच पुढे लिहायचं, नाहीतर लाल शाई.
मी वहीत लिहिलं:
कार्डिफच्या ऑफिसात मी सगळं सेड केलं.
टोल्ड कोणाला केलं, ते आठवत नाही.

तिथून मला एकतीस पानं आली होती.
अर्जदाराने सांगितले की ती रात्री चालत असे.
अर्जदाराने सांगितले की तिला तहान लागली होती.
लागली होती, म्हणे.
ते म्हणे कुठेच छापलेलं नव्हतं.
प्रत्येक ओळीत होतं.

आज गृहपाठ: कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं एक वाक्य.
मी येमानेचं घेतलं. माझा धाकटा भाऊ.
झुवाराहून, उसन्या फोनवरून, वारा मध्ये मध्ये:
लेतेब्रहान, मी उद्या निघतोय, हिंबाशा भाजून ठेव.
मी नियमाने बदललं.
येमानेने मला सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी निघणार होता,
आणि मला हिंबाशा भाजून ठेवायला सांगितलं.
बरोबर, बाई म्हणाल्या. टोल्डपुढे माणूसही आहे.
बरोबरची खूण छान वळणदार करतात त्या.
मी होता या शब्दाकडे बघत राहिले.
कुणाच्या नावापुढे हा शब्द घालतात, ते मला ठाऊक आहे.

मग बाईंनी खडू झटकला. एक सवलत आहे, म्हणाल्या,
गोष्ट अजून खरी असेल तर काळ मागे नेला नाही तरी चालतं.
तो म्हणाला पृथ्वी फिरते. अजून फिरते ना?
मग फिरते तशी फिरू दे.

ते उद्या चौदा महिन्यांपूर्वी येऊन गेलं.
मी विचारलं, अजून खरं आहे हे कळतं कसं?

पलीकडे बायका पुन्हा पहिल्यापासून लागल्या.
हेमिनने बिस्किट चहात बुडवलं,
ते तुटलं, तरी त्याने वर पाहिलं नाही.
बाईंनी पेनचं टोपण दातांत धरलं, काढलं.
म्हणाल्या, मला माहीत नाही.

बाई म्हणाल्या की त्यांना माहीत नव्हतं:
असं लिहायला हवं, मला येतं.
पण हे एक मी बदलत नाही.
हे घागरीसारखं घरी नेते आहे,
दोन्ही हातांनी, आठ दहाच्या बसने.
आणि पीठ घ्यायचं आहे वाटेत.
दुकान नऊला बंद होतं.