वजन शून्यापेक्षा जास्त

देवगडच्या जेटीवर, बर्फाच्या फॅक्टरीला टेकून
सोसायटीचं ऑफिस. भिंत सदानकदा ओली,
म्हणून संगणक कपाटापुढे तिरका ठेवलाय,
की-बोर्डवर प्लास्टिक, प्लास्टिकवर खवले.
(कुठून येतात विचारू नका. मी हात धुते.)

केळुसकरांचा फोन आला:
कोल्हापूरचा व्यापारी रोज सगळी यादी चाळत बसणार नाही,
त्याला त्याच्यापुरतं दिसू दे.
मी एकेक फिल्टर लावत गेले.
मासा: सुरमई, सरंगा, कोळंबी.
दर्जा: पहिला.
बर्फ: हो.
वजन: शून्यापेक्षा जास्त.
हे शेवटचं कशाला, मी विचारलं.
म्हणाले, रिकाम्या ओळी बऱ्या दिसत नाहीत.

सेव्ह केलं. नाव दिलं ‘कोल्हापूर सकाळ’.
उघडताच हेच उघडावं, अशी खूणही केली.
एकशे चौदा ओळी होत्या, उरल्या एकोणीस.
इतक्या पटकन बंदर कधी रिकामं झालं नव्हतं.
वादळाचा बावटा लागला तरी तास-दोन तास जातात.

बुधाजी कोयंडे खिडकीशी, हातात पावती, चष्मा कपाळावर.
“माझी होडी खंय आसा गे ह्यात?”
“आसा. पण दिसणा नाय.”
तो हसला.
“मी दर्यार गेलंय की माझी बायल हेंच सांगता शेजाऱ्यांका.”

पुसणं वेगळं, झाकणं वेगळं.
कणकवलीच्या कोर्समध्ये हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं.
दोन मार्कांना होतं.
जाळ्याच्या आसाची उपमा इथे कुणीही देईल,
मीही दिली असती,
पण आसातून निसटतं ते पोहत जातं.
इथून निसटलेलं
तिथेच असतं, खालच्या खाली.

आता यादीत आठ नावं झालीत:
कोल्हापूर सकाळ, डिझेल परतावा, बर्फ थकबाकी,
चेअरमन हात लावू नये,
चेअरमन हात लावू नये दोन,
बाकीची कुणी केली ठाऊक नाही.
प्रत्येकजण आपापल्या खिडकीतून बघतो
आणि म्हणतो, आज बंदरात एवढंच आलं.

शनिवारी लिलाव लवकर उरकला.
मी साऱ्या अटी उलट्या लावल्या:
जे कुणाच्याच व्ह्यूमध्ये येत नाही, ते.
महिन्याभराच्या सहाशे बारा ओळी.
कुटी. कुटी. ढोमे अर्धी टोपली, घरी नेले.
म्हाकूल, बर्फ नाही.
इंजिन बंद, ओढून आणली.
भाचीचं लग्न, गेलो नाही.
शेऱ्याचा रकाना लवू भरतो, रात्रपाळीचा, काट्यावरचा.
शेरा कोणी वाचत नाही
हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आणि एक ओळ, सतरा फेब्रुवारी, पहाटे चार वीस.
होडी कोयंड्यांची.
मासा: निवडलेला नाही.
वजन शून्य. भाव शून्य.
शेरा: कासव होतं. जाळं कापून सोडलं.

जाळं किती कापलं ते लिहिलेलं नाही.
त्याला रकाना नाही.

सेव्ह म्हटलं की नाव मागतो.
कर्सर लुकलुकत राहिला, बाहेर बर्फ फोडायचा आवाज.
चांगलं नाव सुचलं होतं, पण दिलं नाही.
‘तपासणी’ लिहिलं, म्हणजे कोणी उघडणार नाही.
कोणाला दिसावं? फक्त मला.

सोमवारी बुधाजी आला, डिझेलच्या कागदासाठी.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली,
कपाट अडवतं तिथपर्यंत.
त्याने चष्मा खाली घेतला,
बोट काचेवर ठेवून ओळ वाचली, सावकाश,
बोटाखाली अक्षर ओलं झालं.
“कासव नाय गे,” म्हणाला, “कासवीण.”

मी दुरुस्त केलं.