सातवा वाफा

वैशाखात अंबड रोडला हिरवं म्हणावं असं
फक्त आमच्या नर्सरीचं शेडनेट.
बाकी बागा ताणावर सोडलेल्या,
मोसंबीची झाडं पानं मुडपून उभी.
मृगात फुलं हवीत तर आधी तहान हवी,
हा इकडचा जुना हिशेब.

मी हिशेबच लिहितो.
कलम पन्नास रुपये, जंबेरीचं रोप बारा,
आणि अळी : शेकड्याला दहा.

अळ्या वेचायला मुद्रिका.
आठला येते, रॉकेल-पाण्याची बाटली कमरेला खोचून,
पानं उलटीपालटी करत वाफ्यावाफ्यानं सरकते.
बारकी अळी म्हणजे चिमणी शिटलीय असंच वाटतं,
नवख्याला कळत नाही.
मोठी मात्र हिरवीगार; बोट लागलं
की डोक्यातून तांबडी दोन शिंगं काढते
आणि असा वास सोडते,
जणू कुणी सोललेली मोसंबी उन्हात विसरून गेलं.
संध्याकाळी बाटली माझ्या टेबलावर.
काडीनं मोजतो. चारशे बारा. तीनशे नव्वद.
ती सही करते, पूर्ण, आडनावासकट.

यंदा फुलपाखरं झाली.

झाली म्हणजे काय सांगू,
आधी दोन, व्हॉल्व्हच्या गळतीपाशी,
ओल्या मातीत सोंड खुपसून बसलेली.
मग तेवढ्याच ओलीवर तीस-चाळीस,
जागेसाठी एकमेकांना पंखांनी ढकलणारी.
मग फवारणीच्या पंपावर, स्कूटीच्या आरशावर,
हकीमभाईंच्या टोपीवर,
पावतीपुस्तकाच्या कार्बनवर सुद्धा एक,
काळं-पिवळं, ठिपक्यांचं,
पायांना निळी शाई लावून गेलं.
बाहेर तरवडावर वेगळी, फिकट पिवळी;
ट्रक गेला की अशी उधळायची
जसं वसमतच्या मोंढ्यात हळदीचं पोतं फुटावं.

पाचोडहून आलेलं गिऱ्हाईक
रोपांचा भाव करायचं विसरलं.
"ये तो अपनेच दुश्मन हैं भाई,"
हकीमभाई म्हणाले,
पण टोपी झटकली नाही.

मी रजिस्टर उघडलं.
अळ्यांचा आकडा थोडा उतरलेला,
डोळ्यात भरावा एवढा नाही.
मग चालत गेलो पार शेवटपर्यंत.
सातवा वाफा :
चारशे रोपं, पान एकालाही नाही,
नुसत्या काड्या,
आणि काडीकाडीला एका धाग्यानं
कमरेत बांधून घेतलेले कोष.
बरेच फुटून रिकामे. काही आतून हलणारे.

मागं मुद्रिका उभी.
मी विचारलं नव्हतं अजून.
"लेकरू हातची भाकर खाईना," म्हणाली.
"वास येतोय म्हणतंय.
राखेनं घासले, लिंबानं घासले.
लिंबानं तर जास्तच."
थोडं थांबून,
"मग एक वाफा सोडला. एकच.
हे एवढे होतेल, हे काय ठाऊक मला?
पगारातून कापा."

चारशे गुणिले बारा
मला पाढ्यासारखं येतं.

तेवढ्यात एक, नुकतंच निघालेलं,
घडी न उलगडलेल्या पंखांचं,
धडपडत तिच्या बाटलीच्या बुचावर चढलं.
आत सकाळपासूनच्या दोनशे.
वर हे, पंख वाळवत.
ती बाटली खाली ठेवीना, मलाही ठेव म्हणता येईना.
लाईट गेलेली, मोटार बंद,
नळीतून शेवटचं पाणी ठिबकत होतं.
पाच मिनिटं असतील. जास्तही असतील.

उडालं तेव्हा दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

रजिस्टरात लिहिलं :
"वाफा क्र. ७. मर लागली. रोपे ४००. खर्ची टाकली."
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

मुद्रिकाला उद्यापासून पाण्याच्या पाळीवर लावलंय.
अळ्या कोण वेचणार,
हे हकीमभाई दोनदा विचारून गेले.
बघू म्हणालो.