दोन विमानांच्या मधे

मुहर्रकच्या धावपट्टीपासून आमचं क्लिनिक
चालत गेलं तर अकरा मिनिटं.
विमान उतरू लागलं की खिडकीच्या काचा थरथरतात,
आणि डॉक्टर थंकम बोलणं अर्ध्यात सोडून
बोट वर धरून थांबतात,
शाळेतल्या बाईंसारख्या.

मी बिलं पाठवतो.
पायांची सूज, साखर, रक्तदाब, आठवडा अमुक.
सरकारी विमा भेटीमागे ठरलेले पैसे देतो,
ठोका ऐकण्याचे वेगळे,
पण महिन्यातून एकदाच.
दुसऱ्यांदा ऐकलात तर कारण लिहा.
कारणं छापील आहेत. चौदा.
मला पाढ्यांसारखी पाठ.

रमजानच्या आधीच्या मंगळवारी सेनाइत आली,
इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी.
एकतिसावा आठवडा.
डॉक्टरांनी यंत्र टेकवलं
आणि डोक्यावरून एक भलंमोठं विमान आलं.
ते गेलं, तोवर बाळ कूस बदलून
कुठल्या कुठे दडून बसलेलं.
मी फाईल द्यायला दारात होतो.
तिच्या चेहऱ्याकडे बघायला नको होतं.

"संध्याकाळी सातला ये," डॉक्टर म्हणाल्या,
"सात ते साडेसात आभाळ रिकामं असतं."
ती आली. दोघींनी ऐकलं.
अर्धा तास, मी बाहेर दिवे मालवायचा थांबलो.

बिल परत आलं. नामंजूर, कारण द्या.
म्हटलं, मॅडम, नववं कारण बसवू?
बाळाची हालचाल मंदावली.
"मंदावली नव्हती. खोटं कशाला?
लिही, विमान."

'इतर'च्या चौकटीत मी विमान लिहिलं.
परत आलं.
सविस्तर लिहिलं. परत आलं.
चार दिनार दोनशे फिल्स.
डॉक्टरांनी तोवर आणखी दोघींना
सातची वेळ देऊन टाकली होती.

माझी मुलगी कुडाळला झाली.
त्याआधी एकदा बायकोने तपासणीच्या खोलीतून
फोन यंत्राला लावून धरला होता.
नुसती खरखर. मग तीही तुटत तुटत.
"आला ऐकू?" तिने विचारलं.
मी म्हटलं, आला हां, आला.
दोन महिन्यांनी आईचा फोन: चेडू झालां.
तेव्हाही मी कुणाच्या तरी सदतिसाव्या आठवड्याचं
बिल जुळवत होतो.

चौथ्यांदा पाठवताना मी बिलाला
विमानतळाचं वेळापत्रक जोडलं.
चार वाजून दहा मिनिटं,
खाली लाल पेनाने रेघ.
डॉक्टर खूप हसल्या, सही केली.
ते विमान गोव्याहून आलेलं होतं,
तेवढं मी
कुठल्याच चौकटीत लिहिलं नाही.