तिसऱ्या पट्ट्यातला लाल धागा

भाचीनं मेकनेसहून फोटो पाठवला:
"खालती, मला अश्शीच हंदिरा हवी.
मळणी आटोपली की लग्न."
फोन माझा नाही, शेजारच्या बास्सूचा.
काच तडकलेली. बाहीनं पुसली.
तडक्याखाली कुठल्याशा हॉटेलाची भिंत,
भिंतीवर पांढरी लोकर, टिकल्यांच्या रांगा,
आणि तिसऱ्या पट्ट्यात, डाव्या काठापासून वीतभर आत
एक लाल धागा.

बास्सू म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही, डोळ्यात धूर गेला.
चूल तर सकाळपासून थंड होती.

तो धागा माझा.
चोवीस वर्षांमागे लोकर संपली,
बर्फानं घाट अडवलेला, लग्न आठ दिवसांवर.
आईनं आपल्या कंबरपट्ट्याचा लाल गोंडा उसवला,
म्हणाली, भर यातलं. कोण मोजायला येतंय?

मोजायला आलाच की एक जण.
दुष्काळाचं दुसरं वर्ष, माराकेशचा व्यापारी,
हंदिरा उन्हात धरून त्यानं बोट ठेवलं
बरोब्बर तिथंच. "दोष आहे," म्हणाला,
आणि दोषाचे तीस दिरहम कापून घेतले.
उरलेल्यात सात पोती जव आले.
अकरा मेंढ्यांपैकी चार जगल्या.
लहसन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी बोलला तो जवाच्या भावाबद्दल.

आता त्या चौघींच्या नातींची लोकर.
ओढ्यात धुतली, पायांनी तुडवली,
तुडवताना गुडघा म्हणाला, पुरे.
पिंजली. चातीवर काढली.
माग दाराजवळ उभा केला, उजेडासाठी,
तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक जण वाकून येतो.
अझरूच्या मंगळवारच्या बाजारात दुकानदार
प्लास्टिकच्या टिकल्या पुढे करत होता:
हलक्या आहेत, स्वस्त आहेत, काळ्या पडत नाहीत.
म्हटलं, बाबा, काळ्या पडायलाच हव्यात.
नवऱ्याच्या घरी पाच-सात वर्षं काढून
न काळवंडणारं काय असतं?
तो हसला. पण भावात एक दिरहम सोडला नाही.

रात्री हद्दा येते, इझा येते,
आपापली सुई घेऊन, आपापली भांडणं घेऊन.
एक टिकली, एक गाठ. एक टिकली, एक गाठ.
इझाच्या सुनेचं गाऱ्हाणं दोन रांगा चालतं,
हद्दाच्या दाढेचं एकच.
चहा गार होतो. पुदिना तळाशी काळा पडतो.

हे सगळं नंतरचं.
त्याआधी, मागावर, तिसरा पट्टा आला
तेव्हा शेजारी टोपलीभर पांढरी लोकर होती.
टोपलीभर. कशाचीच कमी नव्हती.
हात मात्र थांबला.
मी पेटीतून आईचा कंबरपट्टा काढला.
चार गोंडे होते, एक माझ्या लग्नात गेला.
दुसरा उसवला.
डाव्या काठापासून वीत मोजली,
आईची वीत माझ्यापेक्षा लहान होती,
म्हणून बोट जरा अलीकडे घेतलं.

तलाय्तमास आली काल, औषधाच्या दुकानातून
चार दिवसांची रजा काढून.
हंदिरा पसरली, टिकल्यांवरून हात फिरवला,
आणि तो हात तिथं थबकला.
"खालती, इथं चुकलंय."
हद्दानं सुई दातात धरली. इझा चक्क गप्प.
म्हटलं, हो. मोजून चुकलंय.
फोटो काढ तुझा.

तिनं दोन बोटांनी भिंत मोठी केली,
आणखी मोठी केली,
लाल ठिपका होईपर्यंत.
बराच वेळ बघत होती.
वाटलं, आता विचारेल,
कधी, किती, कुणाला.
उत्तरं मी तयार ठेवली होती,
पोत्यांच्या हिशेबासकट.

तिनं विचारलं नाही काही.
बाहेर अंधारलं होतं, कोंबड्या कोंडायच्या राहिलेल्या.
हंदिरा तिनं खांद्यावर घेतली, उलटी,
लोकर बाहेर, टिकल्या आत,
आणि अंगणात गेली.
दिसत नव्हती.
नुसत्या टिकल्या वाजत होत्या,
कोंबड्यांच्या मागं, इकडून तिकडं.